दुखण्याआधीचा दवाखाना
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्याकडे दवाखान्याची वाट दुखणे दाखवते. अंग तापले, पोटात कळ उठली, पाय टेकवेना, म्हणजे मग कोणाची तरी गाडी सांगून माणूस तालुक्याला जातो. तोवर ओवा, हळद, सुंठ यांवर भागवले जाते. यात अडाणीपणापेक्षा हिशेब अधिक आहे. दवाखान्यात एक दिवस गेला म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, आणि घरी जनावरांना वैरण कोणी टाकायची हा प्रश्न उरलाच. तेव्हा जे दुखत नाही ते दाखवायचे कशाला, असे कोणी विचारले तर त्याला वेड्यात काढता येत नाही.

परंतु काही रोग या हिशेबाला दाद देत नाहीत. कर्करोग हा त्यांपैकी एक. कर्क म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. खेकडा बिळात असेपर्यंत वरून काही कळत नाही. नांगी लागली की मग ओरड होते. हा रोग बहुतेक वेळा असाच वागतो. तो लहान असतो तेव्हा दुखत नाही, आणि दुखू लागतो तेव्हा लहान राहिलेला नसतो. ज्या काळात तो सहज काढून टाकता येईल, नेमक्या त्याच काळात माणसाला दवाखान्याची आठवण होत नाही.

दुखत नसतानाची तपासणी म्हणजे काय, आपल्या मराठवाड्याच्या खेड्यांत ती कोणी व कशी करून दाखवली, आणि तरीही लोक तिच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, हे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा असला तरी निम्मा माणसांच्या बोलण्याचा, लाजेचा आणि विश्वासाचा आहे. म्हणून त्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

चाळणी आणि बोंडअळी

या तपासणीला सरकारी कागदात 'चाळणी तपासणी' म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. चाळणी दाण्याचा न्याय करीत नाही. पुन्हा एकदा निरखून पाहावेत असे दाणे ती फक्त बाजूला काढते. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा किडका नसतो. तसेच या तपासणीत 'शंका आहे' असे निघाले म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढची तपासणी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. हे नीट न सांगितल्यामुळे कित्येक बाया एका चिठ्ठीने हाय खातात आणि दुसऱ्या तपासणीला जातच नाहीत.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. काहीही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी म्हणजे चाळणी. त्रास सुरू झाल्यावर, पण रोग फोफावण्याआधी तो ओळखणे म्हणजे लवकर निदान. पहिल्यासाठी माणसाला बोलवावे लागते. दुसऱ्यासाठी माणसाने स्वतः बोलावे लागते. आपल्याकडे दोन्ही अवघड आहे.

वस्तुतः आपल्या परभणीच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आठवून पाहा. बोंड वरून हिरवेगार, टवटवीत दिसते. अळी आत बसलेली असते. बोंड फुटून किडकी सरकी दिसेपर्यंत थांबले तर फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून कृषी विद्यापीठाची माणसे कामगंध सापळे लावायला सांगतात, पतंग मोजायला सांगतात, हिरवी बोंडे फोडून पाहायला सांगतात. पीक चांगले दिसत असताना शेतकरी बांधावरून आत शिरून बोंडे फोडतो, त्याला कोणी खुळा म्हणत नाही. २०१७ सालच्या हंगामात बोंडअळीने महाराष्ट्राच्या कापसाचे जे नुकसान केले, त्यानंतर तर हे शहाणपण आणखी पक्के झाले. शेताला जे लावतो ते देहाला लावायचे, एवढीच ही गोष्ट आहे.

तीन जागा

आपल्या देशात तीस वर्षांपुढील माणसांसाठी तीन कर्करोगांची चाळणी सरकारी आरोग्यसेवेतून करावी असे ठरलेले आहे. त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना २०१६ साली निघाल्या. हे तीन म्हणजे तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. याच तिघांची निवड का? कारण या तिन्ही जागा मोठ्या यंत्रावाचून, प्रशिक्षित डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येतात.

तोंडाची तपासणी सर्वांत सोपी. उजेडात तोंड उघडून आतला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हळूहळू कमी होत चाललेली तोंडाची उघड या गोष्टी पाहायच्या. तंबाखू-चुना, गुटखा आणि आपल्याकडच्या बायांची मशेरी ही या रोगाची मुख्य कारणे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे वाचकांनी कोणत्याही बसस्थानकाच्या भिंतीवर पाहून घ्यावे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांचे तोंड केवळ डोळ्यांनी तपासत राहिल्याने त्यांच्यातील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे त्यात आढळले.

स्तनाच्या बाबतीत घात करते ती न दुखणारी गाठ. 'गाठ आहे, पण दुखत नाही,' असे सांगताना बाईच्या आवाजात सुटकेचा भाव असतो. खरे तर न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते हे खरेच. पण ती कशाची आहे हे घरी बसून ठरत नाही.

तिसरी जागा गर्भाशयमुखाची. बोलीत आपण सरळ 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो, पण हा पिशवीच्या तोंडाचा रोग. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो आणि पंचाहत्तर हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सामान्य आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. वीस वर्षे! बाळंतपणे, लग्नकार्ये, दुष्काळ, सारे काही या काळात होऊन जाते. एवढा अवधी देणारा शत्रू विरळाच. तरीही आपण हरतो, कारण त्या वीस वर्षांत कोणी एकदाही पाहत नाही.

पाहण्याची एक पद्धत किती साधी आहे ते सांगते. गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढुरका दिसू लागतो. प्रशिक्षित परिचारिका हे करू शकते. दुसरी पद्धत विषाणूची चाचणी. तिच्यात बोळ्याने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तिसरी पेशींची तपासणी, ती डॉ. पापानिकोलाउ यांच्या नावावरून 'पॅप' म्हणून ओळखली जाते.

बार्शीने काय दाखवले

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे वळते. 'खेड्यातल्या अशिक्षित बाया अशा तपासणीला येतच नाहीत,' हे वाक्य मी अनेक शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते खोटे आहे, हे आपल्या शेजारीच सिद्ध झालेले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातली कर्करोग नोंदणी दवाखान्यांच्या वह्यांवरून होते. खेड्यात तसे चालणार नव्हते. कारण रोगी दवाखान्यात जातच नव्हते आणि मृत्यूचे कारण कोठे लिहिले जात नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरू लागले. लोकांशी बोलत, रोगाची लक्षणे सांगत, कोणाला तसा त्रास आहे का हे विचारीत, आणि ज्यांना असेल त्यांना रुग्णालयात येण्याचा आग्रह करीत.

वरवर पाहता हे केवळ आकडे गोळा करण्याचे काम. परंतु काही वर्षांतच एक वेगळीच गोष्ट घडलेली दिसली. गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या स्त्रियांत आधीच्या, म्हणजे बऱ्या होण्याजोग्या टप्प्यात येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. १९९५ साली डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी ते प्रसिद्ध केले. त्या वेळी गावागावांत चाळणीचे यंत्र गेलेले नव्हते. गेले होते ते माणूस आणि त्याचे बोलणे. एक ओळखीचा चेहरा पुन्हा पुन्हा गावात येतो, न लाजता रोगाचे नाव घेतो, दवाखान्यात कोणाला भेटायचे ते सांगतो, एवढ्याने बाया लवकर घराबाहेर पडल्या.

या पायावर पुढचे मोठे काम उभे राहिले. बीड किंवा लातूर ओलांडले की लागणारा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. तेथे २००० सालच्या सुमारास बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांच्या समूहांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटणी झाली. एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची तपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक आम्लाची तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची जी सेवा असेल ती. तपासणी एकदाच करायची आणि मग वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, अशी योजना होती. निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला.

विषाणूची चाचणी देऊ केलेल्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्यात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तेथे ६४ जणी दगावल्या. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या निष्कर्षाची जगभर दखल घेतली गेली. विषाणूच्या चाचणीला आज जे महत्त्व आले आहे, त्याच्या पुराव्यात आपल्या कोरडवाहू मुलखातल्या, बहुतेक शेतात राबणाऱ्या बायांचा मोठा वाटा आहे. हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

पण मला त्या अहवालातला दुसरा एक आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. बोलावलेल्या स्त्रियांपैकी आल्या किती? विषाणू-चाचणीच्या गटात २७,१९२. म्हणजे दर पाच जणींत जवळजवळ चार. बाकीच्या दोन गटांतही प्रमाण साधारण असेच. आता याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ सालचा आकडा ठेवून पाहा. देशातील ३० ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या जेमतेम दोन (१.९ टक्के), स्तनाची आणि तोंडाची तपासणी झालेल्या तर शंभरात एकही पुरती नाही (प्रत्येकी ०.९ टक्के). धाराशिवच्या बाया काही निराळ्या मातीच्या नव्हत्या. तीच ज्वारीची भाकरी, तोच डोईवरचा पदर, तीच सासू आणि तीच लाज. फरक एवढाच की त्यांच्या दारी कोणी तरी आले, बसले, समजावले, आणि तारीख देऊन त्या तारखेला हजर राहिले. 'बाया येत नाहीत' या वाक्याचा कर्ता बदलायला हवा. आपण बोलवायला जात नाही.

येथे एक टोचणारी गोष्टही नमूद करणे भाग आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी देऊ केली नव्हती, यावरून पुढे या संशोधनावर टीका झाली. त्या वेळी सरकारी सेवेत अशी तपासणी नव्हतीच, हे संशोधकांच्या बाजूने सांगितले जाते. वाद मोठा आहे आणि तो सोडवण्याची माझी पात्रता नाही. पण त्या ६४ जणींच्या मृत्यूंतून जे ज्ञान मिळाले, ते त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचले नाही तर तो दुसरा अन्याय ठरेल, एवढे मला निश्चित वाटते.

मुंबईतही एक मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत तो केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन ॲसिटिक आम्लाची तपासणी शिकवण्यात आली. ही तपासणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा झाली. तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये हीच तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता. तेव्हा साधी तपासणीही उपयोगी पडते, पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते. एका दिवसाचे शिबिर, फीत कापणे आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र यांनी भागत नाही. आणि दहावी शिकलेली बाई हे काम करू शकते, हेही विसरू नये. अशा बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत.

मग अडते कोठे?

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमचा गट एका गावी होता. सायंकाळी बायांशी बोलताना मी मुद्दाम हा विषय काढला. एक काकू म्हणाल्या, "काही दुखत नाही तर कशाला जावं गं माय? नसतं बालंट मागं लागायचं." दुसरी म्हणाली, "निघालं तर काय करायचं? कुठून आणायचे पैसे?" तिसरी बराच वेळ गप्प होती, उठताना हळूच म्हणाली, "तिथं बाई असती का बाप्या?" या तीन प्रश्नांत साऱ्या अडचणी आल्या: भीती, पैसा आणि लाज. त्या रोगाचे नाव मात्र तिघींपैकी एकीनेही घेतले नाही. 'त्यो आजार' एवढेच.

नाव न घेतल्याने काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. माझी एक चुलत आजी. पाळी जाऊन किती तरी वर्षे झालेली, आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने वर्षभर कोणालाही सांगितले नाही. फडकी वेगळी धुवायची, वेगळी वाळत घालायची. सून विचारी, तर 'उष्णता झाली' म्हणे. शेवटी कंबर धरून बसली तेव्हा तिला रेल्वेने संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयात नेले. आमच्यापासून ते सुमारे दोनशे किलोमीटर. डॉक्टरांनी उपचार केले, पण फार उशीर झालेला होता. मी तेव्हा दहावीला होते. घरात कागद वाचता येणारी तीच काय ती मी; म्हणून तिची फाईल माझ्याकडे असे. त्या फाईलच्या पहिल्याच पानावर 'त्रास किती दिवसांपासून?' या प्रश्नापुढे 'एक वर्ष' असे लिहिलेले होते. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधला किंवा संबंधांनंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही लक्षणे आहेत, एवढे एक वाक्य तिच्या कानी पडले असते तर त्या रकान्यात कदाचित 'आठ दिवस' लिहिले गेले असते.

लाजेबरोबर संशयही आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. हे अर्धवट कळले की लगेच बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवले जाते. वास्तविक तो इतका सर्वत्र आहे की एकनिष्ठ संसार करणाऱ्या स्त्रीलाही तो होतो, आणि पुरुष तर त्याचा वाहक असतोच. सर्दी झाल्याबद्दल जसा कोणी दोषी नसतो, तसाच येथेही नसतो. आरोग्यशिक्षण देताना हे वाक्य गाळले तर बाकीचे सारे शिक्षण फुकट जाते.

लोकांच्या अविश्वासालाही कारणे आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याच्या तक्रारीही तेव्हा पुढे आल्या. म्हणजे ज्या रोगाची खरी तपासणी शंभरात दोघींची होत नाही, त्याच रोगाच्या धाकाने शस्त्रक्रिया मात्र झाल्या! ज्या बाईने हे पाहिले ती तपासणीचे नाव काढताच पदर सावरून आत गेली तर तिला अडाणी म्हणायचे कसे? तिला उलट हे सांगायला हवे की तपासणीच तिचे रक्षण करील. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. तपासल्याशिवाय पिशवी काढायची नाही. आणि कर्करोगाआधीचा बिघाड सापडला तर बहुधा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नाहीसा करता येतो. पिशवी जागेवर राहते.

ऊसतोडीचा आणखी एक संबंध आहे. आपल्या जिल्ह्यातूनही कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शिबिरे भरतात बहुधा हिवाळ्यात. ज्यांना अधिक गरज, त्याच त्या दिवशी फडात असतात. पेरणीचे दिवस, वेचणीचे दिवस, बाजाराचा वार हे पाहून तारीख ठरवली नाही तर ती तारीख केवळ कागदावरची.

आपण काय करू शकतो?

असे लेख शेवटी 'शासनाने लक्ष घालावे' म्हणून संपवण्याची प्रथा आहे. शासनाने घालावेच. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची माहिती भरून घेण्यासाठी आशाताईंकडे एक तक्ता दिलेला आहे. तंबाखू खाता का, तोंड उघडताना त्रास होतो का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, असे प्रश्न त्यात आहेत. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढच्या तपासणीची तरतूद आहे. रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार येतात. 'निघालं तर पैसे कुठून आणायचे?' या प्रश्नाचे निदान काही उत्तर आज आहे. पण ते त्या काकूंना कोणी सांगितलेले नव्हते.

सांगणारे कोण? माझ्या मते आपण. आपल्या वर्गातले कित्येकजण माझ्यासारखेच घरातून कॉलेजची पायरी चढणारे पहिले आहेत. घरातला प्रत्येक कागद आपल्या हाती येतो. पीकविम्याचा अर्ज आपण भरतो, बँकेचे पासबुक आपण वाचतो. मग आशाताईंच्या तक्त्यातले प्रश्न घरी बसून, दार लावून, आईला, मावशीला, चुलतीला मोठ्याने वाचून दाखवणे आपल्याला अशक्य आहे काय? बापाच्या तोंडात तंबाखू असते हे आपल्याला ठाऊक असते. उन्हात उभे करून 'दादा, आ करा बरं' एवढे म्हणणे अशक्य आहे काय? मुलींनी आईबरोबर उपकेंद्रात जावे आणि तेथे परिचारिका कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून ठेवावे. मुलांनीही हा विषय बायांचा म्हणून टाळू नये; घरातली गाडी आणि घरातला पैसा बहुधा त्यांच्याच हाती असतो. तपासणीत शंका निघाली तर धीर देऊन पुढच्या तारखेला पुन्हा घेऊन जावे, कारण सुटणारा धागा बहुतेक वेळा तेथेच सुटतो. आणि सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर दोन सायंकाळी या बोलण्यासाठी राखून ठेवाव्यात, अशी गुरुजनांना नम्र विनंती आहे.

आपल्या बोलीत या रोगासाठी शब्द नाहीत असे नाही. ते मोठ्याने उच्चारण्याची सवय नाही. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन आधी ती सवय लावली. नळ्या, बोळे आणि प्रयोगशाळा नंतर आल्या. भाषा आणि समाज शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना करता येण्याजोगा भाग तो पहिलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली एक उद्दिष्ट जाहीर केले. २०३० पर्यंत शंभरातल्या सत्तर स्त्रियांची वयाच्या पस्तिसाव्या आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत चांगल्या चाचणीने तपासणी व्हावी, असे ते आहे. सत्तर हा आकडा मोठा वाटतो. पण धाराशिवच्या खेड्यांत बोलावल्यावर शंभरात जवळजवळ ऐंशी आल्या होत्या. त्यांच्यापेक्षा आपल्या गावच्या बाया कमी शहाण्या आहेत असे मानायला मी तयार नाही. त्यांना बोलावणे मात्र गेले पाहिजे.